मोफत ज्ञान आणि सार्वजनिक ज्ञान

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या चालकांनी मला दिलेला विषय वरवर पाहता तांत्रिक वाटेल. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांचे शिक्षणसाहित्य आज इंटरनेटवर विनामूल्य मिळू लागले आहे. त्याचे स्वरूप काय आणि आपण त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, असा तो विषय आहे. मी त्याला केवळ तांत्रिक मानत नाही. ज्ञान कोणाच्या मालकीचे, कोणाच्या भाषेत आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न समाजवादी चळवळीपुढे पहिल्यापासून आहे. साधन तेवढे नवे आहे.

प्रथम, जे हाती आले आहे त्याचा प्रामाणिक हिशेब मांडू. नव्या गोष्टीत भांडवलदारांचा डाव शोधण्याची घाई आपल्याकडे फार असते, आणि त्या घाईत उपयोगाची वस्तूही आपण दाराबाहेर ठेवतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००१ साली आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य साऱ्या जगाला मोफत खुले करण्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ हे नाव मिळाले. आपल्या देशात या कामाची सुरुवात २००३ साली आयआयटी संस्थांनी केली, ती अर्थातच अभियांत्रिकीपासून. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांची पाळी नंतर आली, पण आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘ई-पीजी पाठशाला’ या उपक्रमात सामाजिक शास्त्रांचे पदव्युत्तर पातळीवरचे पाठ आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पाठ्यपुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ या नावाने कोणालाही वाचता येतात. २०१७ साली ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे व्यासपीठ सुरू झाले. संविधान सभेत डिसेंबर १९४६ पासून झालेली सारी चर्चा शब्दशः उपलब्ध आहे.

महाराष्ट्रातील दोन-तीन कामांचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली वाईला सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज मोफत वाचता येतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाला धनंजयराव गाडगीळांचे नाव आहे. त्या ग्रंथालयाने आपल्या जुन्या, दुर्मीळ ग्रंथांच्या आणि अहवालांच्या प्रती सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. शेतीकर्ज, दुष्काळ, मजुरी यांविषयीचे जे जुने अहवाल पाहण्यासाठी पूर्वी पुण्याची वारी करावी लागे, ते आज जत किंवा किनवटला बसून वाचता येतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंडही आज विनामूल्य मिळतात. या खंडांची छापील आवृत्ती रखडल्याची दखल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून घ्यावी लागली होती. छापखाना थांबला असतानाही वाचकाचे वाचन थांबले नाही, ही या साधनाची मोठी सेवा आहे.

माझ्या स्वतःच्या विषयातील एक उदाहरण सांगतो. २००८ च्या जागतिक वित्तीय अरिष्टानंतर अनेक देशांतील विद्यार्थी विचारू लागले की, आम्हाला शिकवले जाणारे अर्थशास्त्र या अरिष्टाबद्दल, विषमतेबद्दल काहीच का बोलत नाही? त्या असंतोषाची दखल घेऊन वेंडी कार्लिन, सॅम्युएल बोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोअर’ नावाचा प्रकल्प उभारला आणि ‘दि इकॉनॉमी’ हे पाठ्यपुस्तक मोफत उपलब्ध करून दिले. त्याची सुरुवात मागणी-पुरवठ्याच्या आकृतीने होत नाही. भांडवलशाहीचा इतिहास आणि विषमता यांपासून होते. त्यातील सर्व प्रतिपादन मला मान्य आहे असे नाही. परंतु महाग पाठ्यपुस्तकांच्या बाजारात पर्यायी विचार विनामूल्य उभा राहू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

मग अडचण कोठे आहे? काही वर्षांपूर्वी मी हे भाषण केले असते, तर इंटरनेट आहे कोणाकडे, असे म्हणून थांबलो असतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. तो युक्तिवाद आता तसाच वापरता येणार नाही. २०२५ च्या आरंभी झालेल्या सरकारी पाहणीत देशातील सुमारे ८६ टक्के कुटुंबांत इंटरनेट पोहोचल्याचे आढळले. यंत्र घरात आले. मात्र घरातील एकच मोबाइल बापाच्या खिशात असतो, आणि मुलीच्या वाट्याला तो रात्री अर्धा तास येतो, हे आपण सारे जाणतो. तरीही मुख्य अडसर आता यंत्राचा राहिलेला नाही. वस्तू मोफत असणे आणि ती सार्वजनिक असणे यांत जे अंतर आहे, ते खरा अडसर आहे. आज मला एवढेच सांगायचे आहे.

गावाच्या विहिरीचे पाणी मोफत असते, आणि एखाद्या जमीनदाराने उन्हाळ्यात उघडलेल्या पाणपोईचेही. परंतु विहिरीवर गावाचा हक्क असतो, आणि पाणपोई मालकाच्या मर्जीवर चालते. हक्काच्या विहिरीवरही एका मोठ्या समाजाला पाणी भरू दिले जात नव्हते, हा आपला इतिहास आहे. म्हणून हक्क कागदावर असणेही पुरेसे नाही. ज्ञानाच्या बाबतीत ‘सार्वजनिक’ या शब्दाला मी चार कसोट्या लावतो. ते सर्वांना मिळाले पाहिजे. ते उतरवून घेण्याची, त्याचे भाषांतर करण्याची आणि ते पुढे वाटण्याची मुभा सर्वांना असली पाहिजे. दिलेले ज्ञान कोणाला गुपचूप काढून घेता येऊ नये. आणि ते समजावून देणारे माणूस जवळ असले पाहिजे. नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने जी शिफारस संमत केली तिच्यातही केवळ विनामूल्य वाचनाचा विचार नाही; पुन्हा वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची परवानगी हा तिचा गाभा आहे.

पहिली कसोटी मिळण्याची. पाठ्यपुस्तकापर्यंतचे ज्ञान पुष्कळसे खुले झाले. पण नवे संशोधन ज्या नियतकालिकांत येते ती आजही मोठ्या परदेशी प्रकाशनसंस्थांच्या ताब्यात आहेत. प्राध्यापक संशोधन करतो ते बहुधा सरकारी पगारावर; तो लेख विनामोबदला देतो; दुसरे प्राध्यापक तो विनामोबदला तपासतात; आणि प्रकाशक तोच लेख विद्यापीठांना विकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, सहा हजारांहून अधिक संस्था, असा तिचा पसारा आहे. छोट्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आयआयटीच्या विद्यार्थ्याइतकेच वाचायला मिळावे, हा हेतू चांगला आहे. परंतु वर्षाला सरासरी दोन हजार कोटी रुपये खर्चून आपण वाचण्याची परवानगी भाड्याने घेतो आहोत. मुदत संपली की पुन्हा घासाघीस करावी लागणार. शिवाय ही सोय संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या वाचनालयात बसणारा कार्यकर्ता, शिक्षण संपवून शेतावर परतलेली पदवीधर मुलगी, कामगार संघटनेचा चिटणीस यांना तिच्यात स्थान नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यातील मूळ तक्रार हीच होती की सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. पैसा सर्वांचा असेल, तर दार सर्वांना उघडे हवे.

दुसरी कसोटी उतरवून घेण्याच्या हक्काची. येथे दिल्ली विद्यापीठातील खटल्याची आठवण करून देतो. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील एक छोटे झेरॉक्सचे दुकान अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांचे संच करून विद्यार्थ्यांना देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. सामाजिक शास्त्रांच्या एका विद्यार्थ्याला लागणारी पुस्तके विकत घ्यायची म्हटली, तर शेतमजुराच्या घरातून आलेल्या मुलाने शिकूच नये असा त्याचा अर्थ झाला असता. विद्यार्थी संघटित होऊन खटल्यात उतरले. ज्यांच्या नावाने दावा लावला जात होता त्या लेखकांपैकी अनेकांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. शिकवण्याच्या ओघात केलेल्या अशा प्रती १९५७ च्या कायद्याने निषिद्ध ठरत नाहीत, हे तत्त्व डिसेंबरात खंडपीठानेही मान्य केले आणि काही मुद्दे फेरतपासणीसाठी पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. आपल्या चळवळीत या विजयाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. तो एका झेरॉक्सच्या दुकानाचा विजय नव्हता. गरीब विद्यार्थ्याच्या वाचनाचा हक्क कायद्याने ओळखला, असा तो निकाल होता.

याच कसोटीत भाषेचा प्रश्न येतो. मी उल्लेखिलेले समाजशास्त्रांचे बहुतेक पाठ प्रामुख्याने इंग्रजीत, काही हिंदीत आहेत. आपल्या ग्रामीण महाविद्यालयांत कला शाखेकडे कोण येते? ज्याला विज्ञानाच्या शिकवणीचा खर्च परवडत नाही तो येतो. ज्या मुलीला गावाबाहेर पाठवायला घरचे राजी नसतात ती येते. ही मुले मराठीत शिकतात, मराठीत परीक्षा देतात आणि मराठीत संदर्भग्रंथ न मिळाल्यामुळे बाजारातील मार्गदर्शकांवर विसंबतात. विनामूल्य इंग्रजी ज्ञान त्यांच्या दृष्टीने बंद कपाटासारखे आहे. विद्यापीठीय पातळीवर मराठी ग्रंथ निर्माण करण्यासाठी सरकारी खर्चाने एक मंडळ नागपूरला स्थापन झाले होते आणि त्याने अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास या विषयांवर चांगले ग्रंथ काढले होते. जनतेच्या पैशाने लिहिले गेलेले असे ग्रंथ बाजारात नाहीत आणि अनेक ग्रंथालयांत त्यांची पाने सुटत आहेत. लेखकांची वा वारसांची संमती घेऊन ते खुले करणे, हे कोणत्याही नव्या भव्य योजनेपेक्षा कमी खर्चाचे आणि अधिक उपयोगाचे काम आहे. यंत्राकडून होणारे भाषांतर आता बरेच सुधारले आहे; त्याची मदत जरूर घ्यावी. पण अर्थसंकल्पातील ‘तूट’ आणि व्यापारातील ‘तोटा’ यांतला फरक जाणणाऱ्या माणसाची नजर त्यावरून फिरलीच पाहिजे.

तिसरी कसोटी टिकून राहण्याची. छापलेले पुस्तक एकदा कपाटात गेले की ते बदलता येत नाही. ऑनलाइन पुस्तक एका रात्रीत बदलता येते, आणि जुने कसे होते हे सांगायला साक्षीदार उरत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची शालेय पुस्तके मोफत वाचायला मिळतात, हे चांगलेच आहे. पण त्याच पुस्तकांतून लोकशाही चळवळी, गुजरातची दंगल, गांधीहत्येचा संदर्भ अशा विषयांवरील मजकूर गाळला गेला, तेव्हा राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार राहिलेल्या सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांना जून २०२३ मध्ये, आमची नावे या पुस्तकांवरून काढा, असे परिषदेला कळवावे लागले. ज्या ज्ञानाची किल्ली एकाच हाती असते ते ज्ञान फुकट असले तरी परतंत्र असते. म्हणून अनेक ठिकाणी अनेकांनी प्रती जपून ठेवणे, हे लोकशाहीच्या रक्षणाचे काम आहे.

चौथी कसोटी शिक्षकाची, आणि येथे धोका सर्वांत जवळ आहे. २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थ्याला ‘स्वयम्’वरून पुरे करता येतात. दूरच्या महाविद्यालयात न शिकवला जाणारा विषय त्यामुळे शिकता येईल, हे खरे. पण ज्या राज्यात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, ज्या राज्यात पदव्युत्तर पदवी आणि पीएचडी झालेले तरुण तासिका तत्त्वावर, तासागणिक मिळणाऱ्या मानधनावर उमेदीची वर्षे घालवतात, तेथे या नियमाचा दुसरा उपयोग कोणाच्या मनात येईल हे सांगायला ज्योतिषी नको. ध्वनिमुद्रित व्याख्यान एकदा तयार झाले की त्याला वेतनश्रेणी द्यावी लागत नाही, त्याला निवृत्तिवेतन नसते आणि ते संघटनाही करत नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची शिफारस केली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तेच उद्दिष्ट पुन्हा उच्चारले. ते न गाठता मोफत पाठांकडे बोट दाखवणे म्हणजे दवाखान्यातला डॉक्टर काढून भिंतीवर औषधांची यादी लावणे होय. इतिहास किंवा समाजशास्त्र प्रश्न विचारत शिकण्याचे विषय आहेत. ‘आमच्या गावात तर असे घडत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाला पडदा उत्तर देत नाही. समोरचा शिक्षक देतो, आणि कधी कधी त्या मुलाकडून शिकतोही. पाठ शिक्षकाच्या हाती दिला तर त्याचे बळ वाढेल. तो शिक्षकाच्या जागेवर ठेवला, तर कला शाखेतील बहुजन विद्यार्थ्याच्या वाट्याला उरलेसुरले शिक्षणही जाईल.

मित्रहो, सरकारकडे आणि प्रकाशकांकडे बोट दाखवले. आता आपल्या घराकडे पाहू. २०१४ साली एक घटना घडली. मार्क्स आणि एंगल्स यांचे लेखन स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे श्रम करून जगासाठी खुले केले होते. त्या दोघांच्या समग्र इंग्रजी खंडांचे हक्क असलेल्या लॉरेन्स अँड विशर्ट या लंडनच्या डाव्या परंपरेतील प्रकाशनसंस्थेनेच ते खंड काढून टाकायला सांगितले. छोट्या प्रकाशनसंस्थेची आर्थिक ओढाताण मी समजू शकतो. पण खासगी मालकीचे सर्वांत मोठे टीकाकार खासगी मालकीच्या कुलपात गेले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. आपली स्थिती फार वेगळी आहे का? आपल्या नेत्यांची भाषणे, शिबिरांची टिपणे, जुन्या साप्ताहिकांचे अंक कोठे आहेत? कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत, वाळवीच्या स्वाधीन.

आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले. १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके कोणालाही छापता आणि वाटता येतात. आचार्य नरेंद्र देव आणि बाबासाहेब दोघेही १९५६ साली गेले. २०१७ च्या आरंभापासून ‘दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी’सारखा अर्थशास्त्रीय ग्रंथ मराठीत आणण्यास कोणाची परवानगी लागत नाही. डॉ. राममनोहर लोहिया १९६७ साली गेले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०२८ रोजी मुक्त होईल. त्या दिवशी शुद्ध, तपासलेली, टिपांसह मराठी आवृत्ती आपल्याकडे तयार असेल, की कोणीतरी चुकांनी भरलेली प्रत टाकील आणि आपण तिच्यावर नाराजी व्यक्त करीत बसू? तयारीला वेळ फार थोडा आहे.

म्हणून काही कामे सुचवतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये आहेत. प्रत्येक तालुक्यात त्यांतील एकात अभ्यासमंडळ सुरू करावे. महिन्याला एकच विषय घ्यावा: राज्याचा अर्थसंकल्प, रोजगार हमीचा इतिहास, संविधान सभेतील एखादी चर्चा. त्यावरील मोफत साहित्य उतरवून घ्यावे, जोराने वाचावे, त्यावर वाद घालावा, आणि शेवटी चार पानांचे मराठी टिपण तयार करावे. कोणीही हे छापावे, बदलावे, वाटावे, असे त्यावर स्पष्ट लिहावे. टिपणाची एक छापील प्रत ग्रंथालयात राहावी. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण प्राध्यापकांना या मंडळांत सन्मानाने आणि शक्य तेथे मानधन देऊन बोलवावे. त्यांची लढाई आणि ही लढाई एकच आहे.

सरकारकडे तीन मागण्या घेऊन जावे. जनतेच्या पैशाने तयार होणारे प्रत्येक शिक्षणसाहित्य भाषांतराच्या आणि पुनर्वापराच्या परवानगीसह खुले झाले पाहिजे. नियतकालिकांच्या राष्ट्रीय योजनेत सार्वजनिक ग्रंथालयांचा समावेश झाला पाहिजे. आणि कोणताही ऑनलाइन अभ्यासक्रम शिक्षकाचे पद न भरण्यास कारण म्हणून दाखवता येणार नाही, असे नियमात लिहिले गेले पाहिजे.

या सूचनांवर आपण येथेच चर्चा करावी. आपापल्या तालुक्यातील कोणत्या ग्रंथालयात बसता येईल, कोण शिकवू शकेल आणि पहिला विषय कोणता, एवढे ठरवून शिबिरातून जावे अशी माझी विनंती आहे.